समुद्राला लोहाची मात्रा आणि न लागणारा हिशेब

७ जानेवारी २००९ रोजी ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज केप टाउन बंदरातून निघाले, तेव्हा त्याच्या पोटात इतर सामानाबरोबर सुमारे वीस टन फेरस सल्फेट होते. नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. पैठण, अंबड, जालना भागात मोसंबीची पाने पिवळी पडू लागली की शेतकरी कृषी सेवा केंद्रातून हिराकस आणतो, ते हेच. जहाजावरचे हिराकस मात्र अंटार्क्टिकाभोवतीच्या थंड समुद्रात ओतायचे होते. त्याने पाण्यातले सूक्ष्म शैवाल वाढते का, आणि वाढलेले शैवाल हवेतला कार्बन पोटात घेऊन खोल तळाकडे जाते का, हे पाहायचे होते.

मोहिमेचे नाव ‘लोहाफेक्स’. जहाजावरच्या ४८ शास्त्रज्ञांपैकी निम्म्याहून अधिक भारतीय होते आणि नेतृत्व दोघांकडे होते. एक गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, म्हणजे एनआयओचे, वाजिह नक्वी. दुसरे जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक, ज्यांचे लहानपण कुमाऊँतल्या भीमतालच्या डोंगरात गेले. दोन्ही संस्थांमधला करार ऑक्टोबर २००७ मध्ये दिल्लीत, चान्सलर अँगेला मर्केल यांच्या उपस्थितीत झाला होता. थोडक्यात, चोरीछुपे काहीच नव्हते.

तरीही जहाज वाटेत असताना जर्मनीत गदारोळ उठला. मे २००८ मध्ये बॉनलाच जैवविविधता कराराची नववी परिषद झाली होती आणि तिने समुद्राला असे खत घालण्यावर जवळपास बंदीच सुचवली होती. अपवाद होता फक्त किनाऱ्यालगतच्या छोट्या वैज्ञानिक प्रयोगांचा. पर्यावरण संघटनांनी तो ठराव पुढे केला. जर्मन पर्यावरण मंत्रालयाने प्रयोग थांबवा म्हटले. संशोधन मंत्रालयाने तज्ज्ञांचे अहवाल येईपर्यंत लोह टाकू नका असा आदेश काढला. शास्त्रज्ञ भर समुद्रात योग्य जागा शोधत राहिले आणि बर्लिनमध्ये दोन मंत्रालये भांडत राहिली. अखेर २६ जानेवारीला परवानगी मिळाली.

वीस टन म्हणजे एका मोठ्या ट्रकचा माल. तेवढ्याने महासागराचे काहीही बिघडणार नव्हते, हे विरोधकांनाही ठाऊक असणार. त्यांना भीती होती ती या ट्रकमागून येणाऱ्या ताफ्याची. आज सोळा-सतरा वर्षांनी सगळा पुरावा समोर ठेवून पाहिले, तर ती भीती रास्त वाटते. फक्त तिचे कारण तेव्हा सांगितले गेले त्याहून थोडे वेगळे आहे.

मुळात समुद्रात लोह टाकायची कल्पना कुठून आली? अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर, विषुववृत्तीय प्रशांत आणि उत्तर प्रशांताचा वरचा भाग, या तीन ठिकाणी नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असूनही पाण्यात पुरेशी हिरवळ नसते. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या प्रयोगशाळेतले जॉन मार्टिन यांनी दाखवले की तिथे अडते ते लोहावाचून. लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या दहा कोटीव्या भागाएवढेच लोह असते. ते मोजायचे तर जहाजाच्या गंजाचा कणही नमुन्यात येऊन चालत नाही, म्हणूनच ही गोष्ट इतकी उशिरा कळली. जुन्या हिमयुगांत वाळवंटी धूळ समुद्रावर जास्त पडत होती आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होता, हेही बर्फाच्या गाभ्यांतून दिसले होते. १९८८ मध्ये एका व्याख्यानात मार्टिन अर्धवट थट्टेने म्हणाले, की अर्धे टँकर जहाज भरून लोह द्या, मी हिमयुग आणून दाखवतो. वाक्य जगभर गेले, त्यातली थट्टा मात्र मागेच राहिली. पहिला प्रयोग १९९३ च्या ऑक्टोबरात गालापागोसजवळ झाला. तो पाहायला मार्टिन हयात नव्हते.

तिथून २००९ पर्यंत खुल्या समुद्रात डझनभर प्रयोग झाले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळाले: लोह टाकले की पाणी हिरवे होते, बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत. खरा प्रश्न दुसरा होता. शैवालाने घेतलेला कार्बन कुठे जातो? बहुतेक शैवाल वरच्या थरातच खाल्ले जाते. खाणारा जीव श्वास सोडतो आणि कार्बन पुन्हा पाण्यात, तिथून हवेत परततो. शतकभर तरी तो परतू नये असे वाटत असेल, तर शैवाल सुमारे हजार मीटरच्या खाली गेले पाहिजे. स्मेटाचेक यांच्याच गटाने २००४ मध्ये केलेल्या ‘आयफेक्स’ प्रयोगात हे घडलेले दिसले. सिलिकाचे कवच असलेले डायटम जातीचे शैवाल गुंत्यागुंत्याने बुडाले आणि वाढलेल्या साठ्यापैकी निदान अर्धा हजार मीटरपलीकडे गेला. हा निष्कर्ष २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला आणि लोहवाद्यांच्या अंगावर मूठभर मांस चढले.

लोहाफेक्सची गोष्ट मात्र निराळी निघाली, आणि माझ्या मते सगळ्या प्रयोगांत तीच सर्वांत शिकवणारी आहे. समुद्रातल्या एका मोठ्या भोवऱ्याच्या मधोमध सुमारे ३०० चौरस किलोमीटरचा पट्टा निवडला होता. भोवरा अशासाठी, की त्यातले पाणी बराच काळ एकत्र राहते आणि टाकलेले लोह कुठे गेले ते शोधता येते. जहाज गोल गोल फिरत पाण्यात विरघळवलेले हिराकस सोडत गेले; काही दिवसांनी दुसरा हप्ता दिला. पहिल्या दोन आठवड्यांत शैवाल जवळपास दुप्पट झाले आणि तिथेच थांबले. कारण त्या पाण्यातली सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवली होती. सिलिका नाही म्हणून डायटम नाहीत. जे वाढले ते मऊ, बिनकवचाचे शैवाल. त्यावर कोपेपॉड हे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे प्राणी तुटून पडले. कोपेपॉडांवर अँफिपॉड हे त्यांच्याहून मोठे कवचधारी जीव जमले. व्हेल आणि माकूल यांच्या खाद्याची बेगमी झाली; कार्बन मात्र किरकोळच खाली गेला. १७ मार्चला जहाज चिलीच्या पुंता अरेनास बंदराला लागले आणि दोन्ही संस्थांनी निकाल न लपवता सांगितला: दक्षिण महासागराच्या ज्या भागात सिलिका नाही, तिथे या उपायावर फार भिस्त ठेवू नका.

म्हणजे तेच लोह, तोच महासागर, आणि पाच वर्षांच्या अंतराने दोन उलट निकाल. प्रयोग फसला असे याला मी म्हणणार नाही. यावर धंदा उभा राहू शकत नाही, हे त्याने स्वच्छ दाखवले.

आता धोक्यांकडे. त्यांच्यासाठी दक्षिण महासागरात जायची गरज नाही, कोकणच्या दारात उदाहरण आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ संपलेला एक जाड थर कायम असतो. जगातल्या अशा सर्वांत मोठ्या थरांपैकी हा एक. कारण सरळ आहे. पावसाळी वाऱ्यांनी खालचे पोषक पाणी वर येते, वर शैवाल माजते, मेलेले शैवाल खाली कुजते आणि कुजताना प्राणवायू खाते. निसर्गानेच खत घातलेला हा समुद्र आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हे प्राणवायूहीन पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढते. गोव्यात कांदोळीसमोर एनआयओचे एक ठरलेले निरीक्षण स्थान आहे. तिथे वर्षानुवर्षे घेतलेल्या नमुन्यांत ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान तळाच्या पाण्यातला प्राणवायू शून्यावर आलेला आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड भरलेला सापडतो. २००० साली ‘नेचर’मध्ये नक्वी आणि सहकाऱ्यांनी या पट्ट्याचे क्षेत्र सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर सांगितले. त्याच लेखात आणखी मोलाची नोंद होती: अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर तयार होतो. हा वायू तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी. तेव्हा खत घालून कार्बन पुरला आणि त्याच कुजण्यातून नायट्रस ऑक्साइड सुटला, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेतल्यासारखे होते.

गंमत अशी, की लोहाफेक्सचे भारतीय प्रमुखही हेच नक्वी. अतिखतावलेल्या समुद्राचे काय होते, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेले लोक जगात थोडे असतील. पुढे २०१० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडले, की नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या अखेरीस अरबी समुद्राच्या पश्चिम भागातही नायट्रेट असते पण शैवाल त्या मानाने वाढत नाही, आणि लोहाची कमतरता हे त्याचे कारण असू शकते. याचा एक अर्थ असा, की खत घालायला आपलाही समुद्र ‘लायक’ आहे. दुसरा अर्थ असा, की त्या हिरव्या थराच्या बरोबर खाली आधीच गुदमरलेले पाणी आहे.

शैवालाची जात आपल्या हाती नसते, हाही धोक्याचाच भाग. मुंबईच्या जुहूपासून सिंधुदुर्गापर्यंत रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ लोक हौसेने पाठवतात. तो प्रकाश नॉक्टिलुका नावाच्या एकपेशीय जीवाचा. मूळ गोव्याचे आणि आता अमेरिकेत काम करणारे हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी २०१४ मध्ये दाखवले, की हिवाळ्यात अरबी समुद्रात डायटमची जागा या नॉक्टिलुकाने घेतली आहे. प्राणवायूची घट हेच त्याचे कारण का, यावर वाद आहे. भारतातल्या काही शास्त्रज्ञांना ते पटत नाही. पण नॉक्टिलुका खायला जेलीफिश आणि सॅल्प पुढे येतात, बांगडा-तारली येत नाही, ही गोष्ट मच्छीमाराच्या दृष्टीने पुरेशी बोलकी आहे. लोह घातलेल्या पाण्यात डोमोइक आम्ल हे मज्जासंस्थेला मारक विष बनवणारे शैवाल वाढल्याचेही २०१० मध्ये नोंदले गेले.

मात्र सर्वांत गंभीर धोका डोळ्यांना दिसत नाही. मराठवाड्याच्या वाचकाला तो समजवायला एकच दाखला पुरे. नाशिक-नगरच्या धरणांनी पाणी अडवले की जायकवाडीत काय उरते? दक्षिण महासागर हा जगातल्या समुद्रांचा असाच वरचा भाग आहे. तिथले न वापरले गेलेले नायट्रेट, फॉस्फेट खोल प्रवाहांबरोबर उत्तरेला येते आणि उष्ण कटिबंधातल्या मासळीला पोसते. लोह घालून ते वरच्या वर वापरून टाकले, तर खालच्यांच्या वाट्याला कमी येणार. तेही लगेच नव्हे, काही दशकांनी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रारूप अभ्यासाने नेमके हेच सांगितले: मोठ्या प्रमाणावर लोह घातले तर हवामानाचा फायदा मर्यादित, आणि तापमानवाढीने आधीच घटणारे समुद्री प्राण्यांचे एकूण वजन आणखी घटेल, विशेषतः उष्ण कटिबंधातल्या देशांच्या पाण्यात. गोदावरीत निदान १५ ऑक्टोबरला धरणांचे साठे मोजतात, जायकवाडी ६५ टक्क्यांखाली असेल तर वरून पाणी सोडायचा नियम आहे, नाहीच सोडले तर खंडपीठात दाद मागता येते. तीस वर्षांनी रत्नागिरीच्या जाळ्यात कमी लागलेला बांगडा कोणत्या कंपनीच्या लोहामुळे गेला, हे कोणत्या कोर्टात आणि कोणत्या मोजपट्टीने सिद्ध करणार?

इथे मी माझ्या मुद्द्याशी येतो. लोह विषारी आहे म्हणून ही योजना धोक्याची नाही. तिचा हिशेब लावता येत नाही, आणि हिशेब न लागणाऱ्या गोष्टीवर पैसे मिळू लागले की काय होते ते आपण पाहिलेले आहे. २००७ मध्ये ‘प्लँक्टोस’ या अमेरिकी कंपनीने गालापागोसजवळ लोह टाकून कार्बन क्रेडिट विकण्याचा बेत जाहीर केला होता. विरोधामुळे तो बारगळला. तिचे प्रमुख रस जॉर्ज पुढे कॅनडात गेले. त्यांच्याच योजनेनुसार २०१२ च्या उन्हाळ्यात हैदा ग्वाय बेटांच्या पश्चिमेला सुमारे शंभर टन लोहयुक्त भुकटी समुद्रात टाकली गेली. ओल्ड मॅसेट या छोट्या आदिवासी गावाने त्यासाठी सुमारे २५ लाख कॅनेडियन डॉलर उभे केले होते. गावाला सांगितले गेले होते, की सामन मासे परततील आणि क्रेडिट विकून पैसे फिटतील. उपग्रहाने मोठा हिरवा पट्टा टिपला. पुढच्या वर्षी सामन भरपूर आले, आणि श्रेय कोणाचे यावर वाद सुरू झाला तो मिटलेला नाही. कार्बन किती बुडाला हे कोणी मोजलेच नाही. क्रेडिट विकली गेली नाहीत आणि सरकारी तपास मागे लागला.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला श्रेयाचा असा वाद अनोळखी नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, सुमारे २७ कोटींचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा झाला, सुमारे ३० कोटींचा. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या इमारतीवर रडार बसवले, चिकलठाण्याहून विमान उडाले, ढगांत क्षारांच्या नळकांड्या फोडल्या गेल्या. त्याच दिवसांत सांगली-कोल्हापूर महापुरात होते आणि इथे विमान बीजारोपणाजोगे ढग शोधत होते. कुठे शिंतोडे पडले, कुठे बरा पाऊस झाला. तो विमानामुळे पडला की पडणारच होता, हे सांगायची सोय त्या योजनेत नव्हती. कोणत्या तालुक्यात किती मिलिमीटर याचे आकडे रोज वर्तमानपत्रांत यायचे. विमान उडाले नसते तर किती पडला असता, हा आकडा कोणाकडेच नव्हता.

तो आकडा काढता येतो, फक्त त्याला चिकाटी लागते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, आयआयटीएमने, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरला तेच केले. एकूण २७६ ढग निवडले. कोणात क्षार फोडायचे आणि कोणाला तसेच सोडायचे हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले, आणि मग दोन्हींची तुलना केली. २०२३ मध्ये निकाल छापला: सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात, वाऱ्याच्या दिशेला, पावसात सरासरी १८ टक्के वाढ. पाऊस दुपटीने वाढतो म्हणणाऱ्यांचीही यात निराशा आहे आणि सगळे थोतांड आहे म्हणणाऱ्यांचीही. त्यातही अट हीच, की पाडण्याजोगा ढग आधी आलेला असला पाहिजे. ढगाचा निकाल तासाभरात जमिनीवरच्या पर्जन्यमापकात पडतो, तरी इतके कष्ट पडले. समुद्रात बुडालेल्या कार्बनचा निकाल शतकाने लागतो आणि तिथे पर्जन्यमापक नाही. शिवाय शैवालातून सुटणारा डायमिथाइल सल्फाइड वायू ढग बनण्यात भाग घेतो, त्यामुळे समुद्रातला हस्तक्षेप पावसापर्यंतही पोचू शकतो.

हे सगळे माहीत असून कल्पना का मरत नाही? कारण ती स्वस्त वाटते आणि जगाला घाई झाली आहे. आयपीसीसीच्या २०२२ च्या अहवालात समुद्राला खत घालण्याची क्षमता वर्षाला १ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड आणि खर्च टनामागे ५० ते ५०० डॉलर असा अंदाज दिला आहे. खर्चाच्या अंदाजाच्या दोन टोकांत दहापटीचे अंतर आहे, यावरूनच ज्ञान किती कच्चे आहे ते कळावे. कोळसा, तेल, वायू जाळून जग वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन सोडते. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी बाराव्या हिश्शाच्या आसपास. आणि तेवढ्या आशेवर वीजकेंद्रे बंद करणे पुढे ढकलायला सबब मिळते. अमेरिकेत वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेचे केन ब्युसेलर आणि सहकारी ईशान्य प्रशांतात नव्या, मोठ्या आणि काटेकोर मोजणीच्या प्रयोगाची तयारी मांडत आहेत. केंब्रिजच्या हवामान दुरुस्ती केंद्राने भाताच्या तुसावर लोहाचा लेप देऊन तो अरबी समुद्रात सोडण्याची कल्पना गोव्यातल्या संशोधकांच्या साथीने मांडली होती. तूस तरंगतो, लोह हळूहळू सोडतो, शेतातला कचराही मार्गी लागतो. कागदावर सुबक आहे. खालचा प्राणवायूहीन थर कागदावर दिसत नाही.

असे प्रयोग अजिबात होऊच नयेत, असे मी म्हणणार नाही. लोहाफेक्स झाला नसता तर सिलिकेचा अडसर आपल्याला कळला नसता, आणि दक्षिण महासागर म्हणजे कार्बनची फुकटची तिजोरी अशी समजूत आजही बाजारात विकली जात असती. सरकारी संस्थांनी, जाहीरपणे, मोजणीला लोहाहून जास्त पैसा ठेवून प्रयोग करावेत. अरबी समुद्रात करायचे असतील तर प्राणवायू आणि नायट्रस ऑक्साइडची मोजणी पहिल्या दिवसापासून, निकाल नकारात्मक आला तरी छापण्याची हमी, आणि कोकण-गोव्याच्या मच्छीमार सोसायट्यांना आधी विचारणे, या किमान अटी. टनामागे पैसे मिळणाऱ्या कोणाच्याही हाती मात्र हे काम जाता कामा नये, निदान बुडालेला कार्बन दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणे मोजता येईपर्यंत.

कायद्याचा धाक अजून अर्धामुर्धाच आहे. समुद्रात टाकाऊ पदार्थ सोडण्याविषयीच्या लंडन प्रोटोकॉलमध्ये ऑक्टोबर २०१३ मध्ये दुरुस्ती झाली: समुद्राला खत घालायला फक्त तपासलेल्या वैज्ञानिक प्रयोगापुरती परवानगी, व्यापारी कामाला मनाई. ती बंधनकारक व्हायला दोन-तृतीयांश सदस्य देशांची मंजुरी लागते. आजवर ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच देशांनी दिली आहे.